पाडव्यापर्यंत थांबायचं का?

आधी पत्र. लांबलचक होतं, कामापुरतं ठेवलंय.

«बाई, शेजारी आमच्या भावकीतलंच घर आहे. थोरला भाऊ आन वहिनी दसरा झाला की साखर कारखान्याला ऊसतोडीला जातात ते पाडव्याला माघारी येतात. यंदा त्यांनी पाचवीतली लेक धाकट्या भावाच्या घरी ठेवली. दिवाळीपासून लेकरू शाळेत गेलेलं दिसलं नाही. चुलतीचं तान्हं कडेवर घेऊन फिरायलंय, नाहीतर तिच्यासंगं कापूस वेचायला जायलंय. सांजच्याला माझ्या चुलीपाशी येऊन बसती. मागत काही नाही, तव्याकडं बघत बसती. मागल्या आठवड्यात तिच्या पोटरीला मागून चटका दिसला. म्हणली तवा लागला. चुलता रोज पितो. तो घरी आला की ती आमच्या ओसरीत येऊन पडती आन पहाटं गुपचूप निघून जाती. आमचे मालक म्हणतात, आपल्याला काय करायचंय, तिचे मायबाप पाडव्याला येतील, त्यांचं ते बघतील. पोलीस पाटील चुलत्याचा मावसभाऊ. १०९८ नंबर शाळेच्या भिंतीवर लिहिलेला आहे, दोनदा फोन हातात घेतला आन ठेवून दिला. खोटं निघालं तर? पोलीस आले तर? घर मोडल्याचं पाप माझ्या माथी यायचं. – एक शेजारीण, बीड जिल्हा»

ताई,

तुम्ही पत्रात मुलीचं नाव लिहिलं होतं. सगळ्यात आधी मी ते खोडलं, एकदोन खुणाही बदलल्या. अशा लेकराचं नाव, शाळा, गाव छापायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण तुम्ही गावाचं नाव लिहिलं नाही, स्वतःचा नंबरही दिला नाही. दिला असता तर हे उत्तर लिहायला बसण्याआधी मीच फोन लावला असता. आता तो तुम्हालाच लावावा लागणार. आणि हे वाचून झालं की लगेच लावायचा, पाडव्याला नाही.

तुमच्या मालकांचं म्हणणं मला कळतं. ते काही वाईट माणूस नसणार, आपल्याकडं प्रत्येक गोष्ट पाडव्यावर ढकलायची सवयच आहे. उधारी पाडव्याला, सोयरीक पाडव्याला, भांडण मिटवायचं तेही पाडव्याला. गावातली निम्मी माणसं कारखान्यावर असतात तेव्हा दुसरं करणार तरी काय? पण आत्ता कुठं संक्रांत झालीय. पाडव्याला अजून दोन महिने आहेत, आणि पाडव्याला कारखान्याचा पट्टा पडेलच, म्हणजे हंगाम संपेलच, असं कोण सांगावं. ऊस जास्त असला की टोळ्या एप्रिलपर्यंत फडातच असतात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नसेल तर टोळीचा मुकादम सहजासहजी सोडत नाही. म्हणजे साठ रात्री, कदाचित ऐंशी. आणि चुलता रोज पितो असं तुम्हीच लिहिलंय.

आता त्या चटक्याकडे येते, कारण तुमचं पत्र मी तिथं थांबून तीनदा वाचलं. मी स्वतः चुलीवर वाढलेली बाई आहे. भाकरी टाकताना चटका लागतो तो बोटांना, तळहाताला, फार तर मनगटाच्या आतल्या बाजूला. पातेलं लवंडलं तर पावलावर, मांडीवर, पुढच्या अंगाला. लेकरू स्वतः तव्याला धडकलं तरी ते दचकून मागं सरतं, त्यामुळं डाग वेडावाकडा, ओढल्यासारखा उमटतो. पोटरीच्या मागच्या बाजूला, जिथं तिची स्वतःची नजरही जात नाही, तिथं तवा कसा लागेल? आणि डाग कसा होता? उलथन्याच्या पात्यासारखा, काठ सरळ असलेला असेल तर तो फोनवर तसाच सांगा. मी डॉक्टर नाही. चुकतही असेन. ते ठरवायला सरकारी दवाखान्यात माणसं बसलेली आहेत. पण तुमच्या मनात पाल चुकचुकली ती उगाच नाही.

इथंच तुमचा घोळ होतोय असं मला वाटतं. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडू नये असं तुम्ही धरून चाललाय. खात्री करणं तुमच्याकडं आहेच कुठं? तुम्ही काही तपास अधिकारी नाही. तुम्ही पाहिलं काय, तर शाळेच्या वेळेला कडेवर लेकरू, तव्यावरची नजर, पोटरीवरचा डाग, ओसरीतलं झोपणं. एवढंच, जसं पाहिलं तसं, सांगायचं. «तिला छळतात» असं म्हणूसुद्धा नका. «मी हे हे पाहिलं, मला काळजी वाटते» एवढं पुरतं.

आणि ते ओसरीतलं झोपणं. ते तुम्ही पत्राच्या शेवटी शेवटी, जाता जाता लिहिलंय. फोनवर मात्र ते सगळ्यात आधी सांगा. दहा-अकरा वर्षांची मुलगी एका माणसाच्या घरी येण्याच्या वेळा ओळखून अंथरूण बदलते, याचं कारण नुसती दारूची बडबड, शिव्या, मार एवढंच असू शकतं. त्याहून वाईटही असू शकतं. मी घरी बसून चुलत्यावर आळ घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका, शेजारणीपाशी तर अजिबात बोलू नका. पण मनात तशी शंका आली असेल तर पुढचं कायद्यात स्पष्ट आहे. २०१२ सालचा पोक्सो कायदा, कलम १९: लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, सगळ्यांवर. माहीत असून दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, नाहीतर दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींचं प्रकरण २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. तिथं मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरनं माहीत असून कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं.

«खोटं निघालं तर?» त्याच कलमात पुढं लिहिलंय की भल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर ना दिवाणी कारवाई होते ना फौजदारी. शिक्षा आहे ती कुणाचा सूड म्हणून रचून केलेल्या तक्रारीला. तुमचं त्या घराशी बांधावरून, पाण्यावरून भांडण चालू आहे का? पत्रात तर दिसलं नाही. असेल तर तेही फोनवर आधीच सांगून टाका, म्हणजे पुढं कुणी त्याचं भांडवल करणार नाही.

मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यातल्या आठव्या-नवव्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, चौथीतला. त्याचा कान सुजलेला असायचा, एकदा डावा, एकदा उजवा. मीही खात्रीचीच वाट पाहत होते. शेवटी बाप शाळेत आला तेव्हा मी त्याला त्या पोरासमोरच विचारलं. मला वाटलं, समोरासमोर मोकळं बोललेलं बरं. बाप हसला, म्हणाला, «खोडकर हाय बाई, पडतंय धडपडतंय.» दुसऱ्या दिवशी पोरगा आला नाही. आठवड्यानं त्याचा चुलता दाखला न्यायला आला, तिकडं मामाच्या गावाला घातलाय म्हणाला. कुठलं गाव ते मी विचारलं नाही. का विचारलं नाही हे मला आजही सांगता येत नाही.

म्हणून ताई, चुलतीला «आम्ही बघतोय बरं का» असं चुकूनही ऐकवू नका. पोलीस पाटलाकडं जाऊ नका. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. एरवी मी तुम्हाला आधी अंगणवाडीच्या ताईकडं धाडलं असतं, त्या बाईला घराघरातलं ठाऊक असतं. पण तुमच्या गावात पाटील चुलत्याच्या नात्यातला आहे. समितीपर्यंत गेलेली गोष्ट संध्याकाळी पारावर आणि रात्री त्याच घरात जाईल. मग चारचौघं बसून मिटवामिटवी करतील, चुलता शपथ घेईल, सगळे चहा पिऊन उठतील आणि लेकरू पुन्हा त्याच घरात. तेव्हा थेट १०९८.

हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. पूर्वी तो संस्थांमार्फत चालायचा, २०२३ पासून राज्याच्या महिला व बाल विकास विभागाकडं आलाय आणि पोलिसांच्या ११२ शी जोडलाय. मराठीत बोला. ते तुम्हाला मुलीचं अंदाजे वय, गाव, तालुका, घराची खूण, काय पाहिलं, कधी पाहिलं आणि आत्ता या क्षणी तिच्या जिवाला धोका आहे का, हे विचारतील. तुमचं नाव विचारलं तर «सांगायचं नाही» म्हणता येतं. पण जमलं तर नंबर तरी द्या. गल्लीबोळात घर सापडलं नाही तर ते कुणाला विचारणार? चौकात विचारलं तर बभ्रा होईल. आणि एखाद्या रात्री आरडाओरडा ऐकू आला, मार चालू आहे असं वाटलं, तर १०९८ वर थांबू नका, ११२ लावा. त्या वेळी चुलतीचं, पाटलाचं, कुणाचंच बघू नका.

सगळं सुरळीत होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. फोन उचलणाऱ्याला तुमचं गाव कुठल्या तालुक्यात येतं हेही कदाचित ठाऊक नसेल. माणूस दोन दिवसांत येतो म्हणेल आणि चार दिवस येणार नाही. फोन केलेली तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. दोन दिवसांत हालचाल दिसली नाही तर पुन्हा लावा आणि मागच्या फोनची तारीख सांगा. तरीही काही नाही झालं तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, बाल कल्याण समिती आहे. साध्या कागदावर दहा ओळी लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तारीख-शिक्क्याची पोच हातात असली की टेबलावरचा माणूस जरा सरळ बसतो, एवढं मी नोकरीत शिकले.

आता घर मोडण्याचं. तुमच्या डोळ्यांसमोर काय आहे ते मी ओळखते: निळी गाडी, खाकी कपडे, चुलत्याच्या हातात बेड्या, रडणारी पोर उचलून कुठल्याशा आश्रमात टाकलेली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी येतात ती साध्या कपड्यातली दोन माणसं, त्यात एखादी बाई. लेकराशी बोलतात, घर बघतात. गरज वाटली तर तिला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं नेतात. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई असावीच लागते, आणि या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोलीस येतातच, पण मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, आणि रात्री तिला ठाण्यात ठेवायचं नाही, असा नियम आहे. तसं होत नसेल तर तिथं हजर असलेल्या कुणीही ते बोलून दाखवावं.

समितीनं मुलीला बालगृहात टाकायचा निर्णय शेवटी घ्यायचा असतो, आधी घरची माणसं शोधायची असतात. तिचं आजोळ कुठं आहे? आजी आहे का, मामा कसा आहे? हे तुम्हाला माहीत असेल, समितीला नसणार. ते फोनवर सांगा. कारखान्यावरच्या आईबापांनाही बोलावून घेता येतं. तुम्हाला टोळीचा मुकादम ठाऊक असेल, कोणत्या कारखान्याला गेलेत हेही ठाऊक असेल. तुमच्या लेखी या बारीकसारीक गोष्टी आहेत, पण त्या नसतील तर आईबाप सापडायलाच पंधरा दिवस जातात.

आणि आईबापांवर गुन्हा पडेल ही भीतीही काढून टाका. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, ज्याच्या ताब्यात लेकरू आहे त्यानं मारहाण केली, छळलं, हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पण त्याच कलमात हेही आहे की जन्मदात्यांना नाइलाजानं लेकरू मागं सोडावं लागलं असेल तर ते मुद्दाम टाकून दिलं असं धरायचं नाही. कोयता घेऊन फडात जाणाऱ्या बाईनं पोरीला शाळेसाठी गावात ठेवलं. तिनं चूक केली असं मला तरी म्हणवत नाही. फडातल्या कोपीत राहिली असती तर शाळा सुटली असती, इथं ठेवली तरी सुटली.

चुलतीबद्दल दोन शब्द. तुमच्या पत्रात ती खलनायिका आहे. असेलही. पण नवरा रोज पिऊन येणारा, कडेवर तान्हं, स्वतः दिवसभर कापूस वेचायला, वरून जावेची पोर सांभाळायला. त्या घरात मार फक्त पोरीलाच बसतो का, हे कुणी विचारलंय? याचा अर्थ तिला सूट द्यायची असा नाही. चटका चटकाच असतो, तो कुणी का दिला याचा निवाडा नंतर. एवढंच की फोन केल्यावर तिच्याशी बोलणं टाकू नका. कदाचित तिलाही कुणीतरी यायला हवं असेल. दारूच्या माराची ती स्वतः कधी बोललीच, तर तिच्यासाठी १८१ हा वेगळा नंबर आहे.

शाळेचं एक काम मात्र तुम्ही उजळ माथ्यानं करू शकता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुख्याध्यापकांना भेटून विचारा, ही पोर दिवाळीपासून का दिसत नाही, आणि आपल्या शाळेत हंगामी वसतिगृह चालू आहे का. आईबाप तोडीला गेले तरी लेकरू शाळेत टिकावं, त्याला दोन घास मिळावेत म्हणूनच ती सोय आहे. हजेरीपटावरचे दोन महिन्यांचे कोरे रकाने हा तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा पक्का पुरावा आहे, आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात पडलेला आहे. पण वसतिगृहात नाव लागलं म्हणून फोन टाळू नका. ही वसतिगृहं बऱ्याच ठिकाणी नुसती जेवणापुरतीच असतात; जेवणाची सोय झाली तरी रात्री झोपायला ती त्याच घरात जाणार असेल.

तुमचं नाव गावात फुटेल का? तुम्हाला खोटा धीर देत नाही, दोनशे उंबऱ्यांच्या गावात अंदाज बांधतातच. पण अंदाज आणि नाव यात फरक आहे. तुम्ही स्वतः कुणाला सांगितलं नाही, अगदी बहिणीलाही नाही, तर अंदाज चार घरांवर फिरत राहतो: मास्तर असेल, आशाताई असेल, अंगणवाडीची असेल. मालकांना मात्र सांगून करा. त्यांना पटलं नाही तरी सांगा. उद्या पारावर कुणी टोमणा मारला आणि त्यांना ठाऊकच नसेल, तर त्यांचा राग तुमच्यावर निघेल. ते फारच अडून बसले तर त्यांना एवढंच विचारा की ही पोर रात्री आपल्याच ओसरीत का येते, बाकीच्या घरांत का जात नाही.

आता आजच्या रात्रीचं. ती आली तर नेहमीसारखीच येऊ द्या. वाकळ द्या, भाकर द्या. खोदून खोदून विचारू नका, «काकानं काही केलं का गं?» असं तर मुळीच नाही. आपण शब्द तिच्या तोंडात घातले की पुढं तिच्या खऱ्या शब्दांनाही कुणी खरं मानत नाही. ती आपण होऊन बोलली तर ऐका, मध्ये «अगं बाई!» करून दचकू नका, लेकरं आपला चेहरा बघून गप्प होतात. «कुणाला सांगणार नाही» असं वचन देऊ नका, ते तुम्हाला मोडावंच लागेल. «तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही» एवढं म्हणा. ती झोपली की तिनं जे म्हटलं ते तिच्याच बोलीत, जसंच्या तसं, तारीख घालून वहीत लिहा. तुमची भाषा त्यात घालू नका. काही भयंकर सांगितलं असेल तर तिला अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका आणि सकाळची वाट न बघता ११२ लावा. चटक्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका, भाचीलासुद्धा नाही.

फोन लागला की मला एक ओळ कळवा. नाव नको, गाव नको. नुसतं «लावला» एवढं लिहा.

– तुमची बाई